सियोना बेंजामिन

सियोना बेंजामिन (जन्म : १९६०, मुंबई) या मुंबईत वाढलेल्या व अमेरिकेत स्थायिक झालेल्या भारतीय ज्यू चित्रकार आहेत. कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायल समाजात त्यांचा जन्म झाला. ज्यू धर्मग्रंथांतील स्त्रियांना भारतीय लघुचित्रांच्या शैलीत आणि निळ्या वर्णात रंगवणारी 'फाइंडिंग होम' ही चित्रमालिका, तसेच भारतात उरलेल्या बेने इस्रायल व्यक्तींच्या चेहऱ्यांवर आधारलेला 'फेसेस : विव्हिंग इंडियन ज्यूइश नॅरेटिव्ह्ज' हा व्यक्तिचित्रांचा प्रकल्प यांसाठी त्या विशेष ओळखल्या जातात. स्थलांतर, घर, धार्मिक ओळख आणि समाजाची स्मृती हे त्यांच्या चित्रांचे प्रमुख विषय आहेत.

== पार्श्वभूमी : बेने इस्रायल समाज ==

बेंजामिन यांची चित्रे समजून घेण्यासाठी त्या ज्या समाजातून आल्या त्याचा परिचय आवश्यक ठरतो. भारतात ज्यू धर्मीयांचे प्रमुख समाज तीन : कोकणातील बेने इस्रायल, केरळातील कोचीनचे ज्यू आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इराक व आसपासच्या प्रदेशांतून मुंबई-कोलकात्यात आलेले बगदादी ज्यू. यांपैकी बेने इस्रायल हा संख्येने सर्वांत मोठा समाज असून त्याची मातृभाषा मराठी आहे.

समाजात चालत आलेल्या आख्यायिकेनुसार, फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यालगत एक जहाज फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. इतरांची प्रेते किनाऱ्यावर पुरण्यात आली. जहाजाबरोबर धर्मग्रंथही समुद्रात गेले. वाचलेली माणसे कोकणातील गावांत पसरली, स्थानिक भाषा, वेश आणि चालीरीती त्यांनी स्वीकारल्या आणि तेल गाळण्याचा व्यवसाय पत्करला. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, त्यांचे घाणे बंद राहत. म्हणून त्यांना 'शनिवार तेली' असे नाव पडले. नवगाव येथील जुनी दफनभूमी आणि तेथील स्मारक ही या समाजाची स्मृतिस्थाने आहेत.

आख्यायिकेची ऐतिहासिकता कितीही वादाची असली, तरी तिच्यातील एक गोष्ट समाजाच्या जडणघडणीशी जुळणारी आहे. ग्रंथ हाताशी नसताना हा समाज आचारांतून टिकला. शब्बाथचा विसावा, मुलांची सुंता, आहाराचे निर्बंध आणि 'शेमा' ही प्रार्थना एवढ्या गोष्टी त्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. परंपरेनुसार, डेव्हिड राहाबी नावाच्या ज्यू प्रवाशाने येथील स्त्रिया खवले व पर असलेलेच मासे वेगळे काढतात हे पाहून त्यांची धर्मओळख पटवली आणि त्यांना हिब्रू धर्मविधींचे शिक्षण दिले. सणांची नावेही मराठी वळणाची झाली : 'नवियाचा सण', 'खिरीचा सण', 'दरफळणीचा सण', 'बिरड्याचा सण'. आडनावे गावांवरून पडली : पेणकर, रोहेकर, किहीमकर, अष्टमकर, दिवेकर, चेऊलकर, नवगावकर. लग्नात मेंदी आणि मंगळसूत्र आले. पोहे, खोबरे आणि फळे घालून केलेला मलिदा एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने अर्पण होऊ लागला. अलिबागजवळील खंडाळे येथील खडकावर या प्रेषिताच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत, अशी समाजाची श्रद्धा आहे.

मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनालय १७९६ साली उभे राहिले. 'शाअर हारहमीम', म्हणजे 'दयेचे द्वार', असे त्याचे नाव असून ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधले. प्रार्थनालयाला बेने इस्रायल लोक बोलीत 'मशीद' म्हणत. पुढे हिब्रू ग्रंथांची मराठी भाषांतरे, मराठी नियतकालिके आणि बायबलमधील कथांवरील मराठी कीर्तने अशी समृद्ध परंपरा निर्माण झाली. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हिब्रू-मराठी 'हगादा'तील चित्रांत पेसाहच्या सणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया साडी नेसलेल्या दाखवल्या आहेत. ज्यू धर्मकथा मराठी वेशात चित्रित करण्याची ही रीत बेंजामिन यांच्या शंभराहून अधिक वर्षे आधीची आहे.

१९४८ साली इस्रायलची स्थापना झाल्यानंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने तेथे स्थलांतरित झाले. १९५१च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार ज्यू नोंदले गेले होते. २०११च्या जनगणनेत ही संख्या पाच हजारांहून कमी होती. हा समाज भारतात छळामुळे घटला नाही. त्याच्या इतिहासात येथे ज्यूद्वेषाचा अनुभव जवळजवळ नाही, आणि ही बाब समाजातील लोक अभिमानाने सांगतात. धर्मभूमीची ओढ, आप्तांचे स्थलांतर आणि नव्या संधी ही त्यामागची कारणे होती.

== जीवन आणि शिक्षण ==

सियोना बेंजामिन यांचे बालपण मुंबईत गेले. त्यांचे शालेय शिक्षण कॅथलिक आणि पारशी संस्थांच्या शाळांत झाले. शेजार हिंदू आणि मुसलमान कुटुंबांचा होता. घरात शब्बाथचे दिवे, शाळेत येशू व मरीया यांच्या प्रतिमा किंवा जरथुष्ट्राची तसबीर, रस्त्यावर गणेशोत्सव आणि मोहरम अशा वातावरणात त्यांची दृष्टी घडली. वाढत्या वयात त्यांचे बहुतेक नातलग इस्रायल किंवा अमेरिकेला निघून गेले. मागे राहिलेल्या रिकाम्या घरांची जाणीव त्यांच्या पुढील कामात वारंवार दिसते.

त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात शिक्षण घेतले. १९८०च्या दशकात त्या उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या. तेथे त्यांनी सदर्न इलिनॉय विद्यापीठाच्या कार्बनडेल येथील शाखेतून चित्रकलेतील आणि इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन येथील शाखेतून रंगभूमीच्या नेपथ्यातील अशा दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या. पुढे त्या न्यू जर्सी राज्यात स्थायिक झाल्या.

अमेरिकेत त्यांना एका नव्या प्रश्नाला सामोरे जावे लागले. तेथील सर्वसाधारण समजुतीत ज्यू म्हणजे पूर्व युरोपातून आलेला गौरवर्णीय माणूस. त्यामुळे सावळ्या वर्णाची भारतीय स्त्री ज्यू कशी असू शकते, असे त्यांना पुन्हापुन्हा विचारले गेले. मुंबईत ज्यू असणे ही अनेक ओळखींपैकी एक साधी ओळख होती. अमेरिकेत ती सिद्ध करून दाखवावी लागे. हा प्रश्न त्यांच्या चित्रांचा एक प्रमुख प्रेरणास्रोत ठरला.

== शैली आणि माध्यम ==

बेंजामिन प्रामुख्याने ग्वाश या अपारदर्शक जलरंगात, कागदावर किंवा लाकडी फलकावर काम करतात. सोबत सोन्याचा वर्ख वापरतात. मुघल, राजपूत आणि पहाडी लघुचित्रांतही अपारदर्शक जलरंग आणि सोने यांचाच वापर होत असे. रंगाचे पातळ थर एकावर एक चढवणे, बारीक कुंचल्याने रेषा पक्की करणे, दूरचे आणि जवळचे यांतील अंतर छायाप्रकाशाने दाखवण्याऐवजी आकृत्यांची मांडणी वरखाली करणे, चित्राला नक्षीदार हाशिया देणे ही त्या परंपरेची वैशिष्ट्ये त्यांच्या चित्रांत आढळतात.

याखेरीज त्यांच्या चित्रांत इराणी लघुचित्रे, बायझंटाइन पवित्र चित्रे, मध्ययुगीन ज्यू व ख्रिस्ती सचित्र हस्तलिखिते, हिंदी चित्रपटांची जाहिरातफलके आणि अमेरिकी पॉप कला यांचेही संस्कार दिसतात. हिब्रू अक्षरे अनेकदा चित्राचा भाग होऊन येतात. नेपथ्याच्या शिक्षणाचा परिणाम रचनेत जाणवतो : बहुतेक चित्रांत एक मध्यवर्ती आकृती रंगमंचावर उभी असल्यासारखी पाहणाऱ्याकडे तोंड करून असते आणि भोवतालच्या वस्तू तिची कथा सांगतात.

=== निळा वर्ण ===

बेंजामिन यांच्या चित्रांतील सर्वांत ठळक खूण म्हणजे त्यांच्या नायिकांची निळी कांती. भारतीय प्रेक्षकाला तिच्यातून कृष्ण आणि काली यांची आठवण होते. ज्यू परंपरेतही निळ्या रंगाला स्थान आहे. वस्त्राच्या कोपऱ्यांवरील झालरींत निळा धागा गुंफावा, अशी आज्ञा तोरामध्ये आहे. खुद्द चित्रकर्तीने या रंगाचा संबंध आकाश आणि समुद्र यांच्याशी जोडला आहे : ते सर्वत्र असतात आणि कोणा एका ठिकाणचे नसतात. गोऱ्या-काळ्याच्या विभागणीत निळ्या माणसाला जागा नाही. त्यामुळे तो कोण, कुठला, हे केवळ कातडीवरून ठरवता येत नाही. 'सावळ्या वर्णाची ज्यू स्त्री' या स्वतःच्या ओळखीचे प्रतीक म्हणून त्यांनी हा रंग स्वीकारला. यातील अनेक आकृत्यांना चित्रकर्तीचा स्वतःचा चेहरा असल्याने त्या एका अर्थाने आत्मचित्रेही आहेत.

== 'फाइंडिंग होम' चित्रमालिका ==

'फाइंडिंग होम', म्हणजे 'घराचा शोध', ही बेंजामिन यांची अनेक वर्षे चाललेली, क्रमांक दिलेल्या चित्रांची मालिका आहे. तिच्यात घर म्हणजे चार भिंतींची वास्तू नसून, सोडून आलेली आणि जवळ बाळगलेली स्मृती असा अर्थ आहे.

मालिकेतील सेहेचाळिसावे चित्र 'तिक्कुन हा-ओलाम' (२०००) या नावाने प्रसिद्ध आहे. 'तिक्कुन ओलाम' ही 'जगाची दुरुस्ती' अशा अर्थाची ज्यू संकल्पना होय. चित्रात अनेक हातांची निळी स्त्री आहे. तिचे दोन्ही बाजूंना उंचावलेले हात पाहून भारतीय माणसाला देवीची मूर्ती आठवते. त्याच वेळी त्या हातांतून मेनोराचा, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिरातील सात शाखांच्या दीपवृक्षाचा, आकार तयार होतो. दोन परंपरांतील दोन पवित्र आकार शेजारी ठेवण्याऐवजी येथे ते एकाच देहात दिसतात.

याच मालिकेत 'फेरेश्ते' नावाचा उपविभाग आहे. उर्दूतील 'फरिश्ते' या शब्दावरून हे नाव घेतले आहे. यात हिब्रू बायबल आणि ज्यू लोककथांमधील स्त्रिया येतात. ग्रंथांत ज्यांना थोडीच जागा मिळाली किंवा ज्यांना दोष देण्यात आला अशा स्त्रियांकडे या विभागाचा कल आहे :

* '''लिलिथ''' – ज्यू लोककथेनुसार ही आदमची पहिली पत्नी. तीही त्याच मातीपासून घडलेली असल्याने तिने आदमचे वर्चस्व नाकारले आणि पुढे तिला राक्षसी ठरवण्यात आले. बेंजामिन यांनी मालिकेतील चौऱ्याहत्तराव्या चित्रात तिला अमेरिकी कॉमिक्सच्या धाटणीत रंगवले आहे. तिच्या बोलण्यासाठी कॉमिक्सप्रमाणे फुगाही काढला आहे.
* '''हागार''' – अब्राहामच्या घरातील दासी आणि इश्माएलची आई. मुलासह वाळवंटात घालवून दिलेली ही स्त्री मुस्लीम परंपरेत हाजरा या नावाने आदरणीय आहे. बेंजामिन यांच्या चित्रांत ती विस्थापितांची प्रतिनिधी म्हणून येते. 'बिलव्हड' या चित्रात ती आणि अब्राहामची पत्नी सारा एकमेकींना मिठीत घेतात. ज्यू आणि मुस्लीम परंपरांच्या या दोन आदिमातांची अशी मिठी मूळ ग्रंथात नाही.
* '''वश्ती''' – इराणच्या राजाने मेजवानीत पाहुण्यांसमोर येण्याची आज्ञा केली असता नकार देणारी आणि त्यामुळे पद गमावणारी राणी. पुरीमच्या सणाला जिची कथा वाचली जाते त्या एस्तेरच्या ग्रंथाच्या आरंभीच ती येते.

या चित्रांतील ग्रंथकथेचा अन्वयार्थ ज्यू परंपरेतील 'मिद्राश' पद्धतीशी जुळतो. मिद्राश म्हणजे मूळ ग्रंथात न सांगितलेल्या गोष्टी कथेच्या आधारे उलगडून सांगणे. मराठी वाचकाला त्याची तुलना कीर्तनकाराच्या आख्यानाशी करता येईल. मूळ कथा सर्वांना ठाऊक असते. आख्यानकार तिच्यातील अबोल पात्रांना बोलते करतो आणि आजच्या काळाशी तिचे नाते जोडतो.

== 'फेसेस' : बेने इस्रायलची व्यक्तिचित्रे ==

बेंजामिन यांना २०१०-११ या वर्षासाठी अमेरिकेची फुलब्राइट अभ्यासवृत्ती मिळाली. तिच्या साहाय्याने त्या भारतात परतल्या आणि येथे राहिलेल्या बेने इस्रायल लोकांना भेटल्या. त्यांनी त्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांची छायाचित्रे काढली आणि त्यांवरून 'फेसेस : विव्हिंग इंडियन ज्यूइश नॅरेटिव्ह्ज' हा व्यक्तिचित्रांचा संच तयार केला. या चित्रांचे प्रदर्शन मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात भरले होते.

या प्रकल्पात चित्रकर्तीने स्वतःच्या चेहऱ्याऐवजी इतरांचे चेहरे केंद्रस्थानी ठेवले. पद्धतही बदलली. व्यक्तीचा चेहरा छायाचित्र म्हणून तसाच ठेवला जातो. भोवतालची जागा ग्वाश, सोन्याचा वर्ख, नक्षी आणि प्रतीके यांनी भरली जाते. ही प्रतीके त्या व्यक्तीने सांगितलेल्या आयुष्यातून आलेली असतात. चेहऱ्याच्या सुरकुत्या, चष्मा, कपाळ यांत चित्रकर्ती हस्तक्षेप करत नाही. 'फाइंडिंग होम'मधील निळी कांती येथे चेहऱ्यांना दिलेली नाही, कारण या व्यक्ती प्रतीके नसून प्रत्यक्ष माणसे आहेत.

=== रंगवलेल्या छायाचित्रांची परंपरा ===

छायाचित्र आणि चित्र यांचा असा संयोग भारतात नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छायाचित्रे हाताने रंगवण्याची कला येथे रुजली. संस्थानिकांची आणि सधन कुटुंबांची अशी रंगवलेली छायाचित्रे अनेक संग्रहांत आहेत. राजस्थानातील नाथद्वारा येथील चित्रकार 'मनोरथ' चित्रांत श्रीनाथजींसमोर हात जोडून उभ्या असलेल्या भक्ताचा देह रंगाने काढत आणि चेहऱ्याच्या जागी त्याच्या छायाचित्रातील कापलेला चेहरा चिकटवत. देव आणि सोहळा परंपरेप्रमाणे रंगवलेले, पण भक्त मात्र ओळखू येईल असा खराखुरा, अशी ती योजना होती. 'फेसेस'मधील चित्रे याच परंपरेच्या जवळ जातात.

=== नमुना आणि व्यक्ती ===

बेने इस्रायल लोकांचे चेहरे यापूर्वीही चित्रबद्ध झाले होते; पण त्यामागील हेतू वेगळा होता. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ या वर्षी दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या 'दि ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे' या संग्रहात मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींबरोबर बेने इस्रायलही आहेत. त्या संग्रहातील छायाचित्रांत माणसे स्टुडिओत टिपून नंतर वेगळ्या पार्श्वभूमीवर जोडलेली आहेत. चित्रातील माणसाचे नाव दिलेले नाही. तो त्याच्या समाजाचा नमुना म्हणून समोर ठेवलेला आहे. वसाहतकाळातील अशा संग्रहांचा उद्देश लोकांचे वर्गीकरण करणे हा होता.

बेंजामिन यांच्या चित्रांतही छायाचित्रातील माणूस वेगळ्या पार्श्वभूमीवर येतो. तंत्र जवळपास सारखे असले तरी दिशा उलटी आहे. जॉन्सनच्या संग्रहात पार्श्वभूमी छायाचित्रकाराने निवडली. येथे ती चित्रातील व्यक्तीच्या बोलण्यातून तयार होते. तेथे समाजाचे नाव आहे आणि माणूस निनावी आहे. येथे प्रत्येक माणूस स्वतःच्या कथेसह येतो आणि समाजाचे चित्र अशा अनेक कथांच्या बेरजेतून उभे राहते. म्हणून या चित्रांना कलाकृतीबरोबरच एका आटत चाललेल्या समाजाच्या दस्तऐवजाचेही मोल आहे. कोकणातील काही प्रार्थनालयांत सार्वजनिक प्रार्थनेसाठी आवश्यक असलेले दहा प्रौढ पुरुष जमणेही आता कठीण झाले आहे. अशा काळात चेहरा आणि त्याची कथा एकत्र नोंदवून ठेवणे हे काम पुढील पिढीवर सोडता येण्यासारखे नव्हते.

== इस्रायलमधील काम ==

२०१६-१७ साली बेंजामिन यांना दुसरी फुलब्राइट अभ्यासवृत्ती इस्रायलमधील कामासाठी मिळाली. 'मदरलँड टू फादरलँड' असे या प्रकल्पाचे नाव होते. भारतातून इस्रायलला गेलेल्या ज्यूंचे जीवन हा त्याचा विषय होता. शीर्षकातच त्याची दिशा सूचित होते : भारत ही मातृभूमी आणि इस्रायल ही पितृभूमी.

या विषयाला एक वेदनादायक इतिहास आहे. १९६०च्या दशकाच्या आरंभी इस्रायलच्या धर्मपीठाने बेने इस्रायलांशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असे निर्देश दिले. शतकानुशतके शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या समाजाच्या ज्यू असण्यावरच त्यामुळे शंका घेतली गेली. त्याविरुद्ध बेने इस्रायलांनी आंदोलन केले. १९६४ साली इस्रायलच्या संसदेने आणि पंतप्रधान लेवी एश्कोल यांनी हा समाज सर्व बाबतींत ज्यू असल्याचे स्पष्ट केले आणि हा वाद मिटला. भारतात ज्यू म्हणून निर्धास्त राहिलेल्या लोकांना ज्यूंच्या देशातच आपली ओळख पटवून द्यावी लागली, हा या घटनेतील विरोधाभास होय. अमेरिकेत बेंजामिन यांना विचारला गेलेला प्रश्न त्याच जातीचा आहे.

इस्रायलमध्ये दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा अशा नगरांत बेने इस्रायलांची वस्ती आहे. तेथे मलिदा केला जातो, लग्नाआधी मेंदीचा कार्यक्रम होतो आणि 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघत आले आहे. एकाच माणसाची दोन घरे असू शकतात का, आणि असल्यास त्यांतील खरे कोणते, हा 'फाइंडिंग होम'पासून चालत आलेला प्रश्न या प्रकल्पात एका समाजाच्या पातळीवर मांडला गेला.

== ज्यू धर्म आणि प्रतिमा ==

ज्यू धर्माच्या दहा आज्ञांपैकी दुसऱ्या आज्ञेत पूजेसाठी मूर्ती किंवा प्रतिमा करण्यास मनाई आहे. त्यामुळे ज्यू परंपरेत चित्रकला नाहीच, असा समज पसरला. प्रत्यक्षात सीरियातील दुरा-युरोपोस येथे तिसऱ्या शतकातील प्रार्थनालयाच्या भिंतींवर बायबलमधील प्रसंगांची चित्रे सापडली आहेत, तर इस्रायलमधील बेथ आल्फा येथील सहाव्या शतकातील प्रार्थनालयाच्या जमिनीवर मानवी आकृतींचे कुट्टिमचित्र आहे. मध्ययुगातील सचित्र हगादा हस्तलिखितेही प्रसिद्ध आहेत. बेने इस्रायल घरांत रथातून स्वर्गात जाणाऱ्या एलियाहू हन्नाबींची तसबीर लावण्याची पद्धत आहे. तिची पूजा होत नाही. स्मरण म्हणून ती भिंतीवर असते.

आधुनिक काळात मार्क शगाल यांनी रशियातील ज्यू खेड्याच्या स्मृती चित्रांत आणल्या, तर आर. बी. किताय यांनी विखुरलेल्या ज्यू जीवनाला आपल्या कलेचा विषय केले. या दोघांचे स्मृतिविश्व युरोपातील ज्यूंच्या इतिहासातून घडले आणि त्यावर छळाची व संहाराची छाया आहे. बेंजामिन यांच्या चित्रांतील ज्यू स्मृती नारळ, पोहे, मेंदी आणि समुद्रकिनारा यांच्या प्रदेशातली आहे. छळाचा इतिहास नसतानाही एखादा समाज विखुरतो तेव्हा त्याच्या स्मृतीचे रूप कसे असते, हे त्यांच्या कामातून दिसते. ज्यू कलेच्या चर्चेत त्यांचे हे वेगळेपण महत्त्वाचे मानले जाते.

== मुंबईच्या कलाविश्वाशी नाते ==

मुंबईच्या आधुनिक कलेच्या इतिहासात ज्यू संबंध सहसा वेगळ्या कारणाने आठवले जातात. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून आलेले वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रूडी फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधील तरुण चित्रकारांना मोलाचा पाठिंबा दिला. मात्र याच शहरात दीडशे वर्षांहून अधिक काळ राहिलेला मराठीभाषक ज्यू समाज त्या काळातील चित्रांचा विषय क्वचितच झाला. साहित्यात कवी निस्सीम इझिकेल, चित्रपटांत अभिनेते डेव्हिड अब्राहम चेऊलकर असे बेने इस्रायल नामवंत झाले. चित्रकलेत या समाजाच्या अनुभवाला ठळक रूप देण्याचे काम बेंजामिन यांनी केले. त्यांनी ते दूर देशी राहून केले, हेही स्थलांतराच्या इतिहासाशी सुसंगत आहे.

== दखल आणि मूल्यमापन ==

बेंजामिन यांची चित्रे अमेरिका, युरोप आणि आशियातील कलादालनांत व संग्रहालयांत प्रदर्शित झाली आहेत. हाल रकर यांनी त्यांच्यावर 'ब्लू लाइक मी' हा माहितीपट तयार केला आहे. कलाभ्यासक ओरी सोल्टेस यांनी संपादित केलेल्या 'ग्रोइंग अप ज्यूइश इन इंडिया' या ग्रंथात भारतीय ज्यूंची प्रार्थनालये व चालीरीती यांच्याबरोबर बेंजामिन यांच्या कलेचा विचार केला आहे.

त्यांच्या कामासंबंधी एक प्रश्न उपस्थित होऊ शकतो. अनेक धर्मपरंपरांतील प्रतीके एकत्र आणल्याने ती मूळ संदर्भापासून तुटून केवळ सजावट ठरण्याचा धोका असतो. त्यावर असे म्हणता येते, की बेने इस्रायल जीवनात ही सरमिसळ चित्रकर्तीने केलेली नाही; ती आधीपासूनच होती. मंगळसूत्र घालून ज्यू विवाहविधी करणारी वधू किंवा हिब्रू प्रार्थनेनंतर वाटला जाणारा मलिदा यांत कोणता भाग ज्यू आणि कोणता मराठी, हे वेगळे काढता येत नाही. बेंजामिन यांची चित्रे या जगण्याला अनुरूप अशी दृश्यभाषा शोधतात.

महाराष्ट्र शासनाने जून २०१६ मध्ये ज्यू समाजाला राज्यात अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यामुळे जन्म, विवाह आणि शिक्षण यांच्या सरकारी नोंदींत या समाजाला स्वतःचे नाव मिळणे सोपे झाले. सरकारी नोंदीत नाव राहते. त्या नावामागचा माणूस कसा दिसत होता आणि तो आपल्या घराविषयी काय सांगत होता, याची नोंद 'फेसेस'सारख्या व्यक्तिचित्रांतून होते.

== हेही पाहा ==

* बेने इस्रायल
* भारतातील ज्यू धर्म
* मलिदा
* निस्सीम इझिकेल
* सर जे. जे. कला महाविद्यालय
* भारतीय लघुचित्रशैली
* नाथद्वारा चित्रशैली